जोडीतली कालवड

डाव्या हाताची नखं ती रोज सकाळी कापायची. उजव्या हाताची, आठवण झाली तर. लग्नकार्यात मेंदी एकाच हातावर, उजव्या. डाव्या मनगटात घड्याळ नाही, बांगडी नाही, बोटात अंगठी नाही. जनावराशी आधी बोलायची, मालकाशी नंतर. चहा पुरता गार होऊ द्यायची आणि मग एका दमात संपवायची. दुसऱ्याच्या घरी गेली की खुर्ची सोडून उंबऱ्याजवळ बसायची. गाय तपासताना डोळे मिटायची आणि जे सांगायचं ते समोरच्या भिंतीला सांगितल्यासारखं सांगायची. बस चुकली तर पुढच्या बसची वाट न बघता चालायला लागायची आणि ती बस तिच्याच शेजारून पुढे जायची. त्याचं तिला काही वाटायचं नाही.

डाव्या हाताचं कारण साधं होतं. गाई-म्हशींचं गर्भाशय तपासायचं तर मागच्या वाटेनं कोपरापर्यंत हात आत घालावा लागतो. तो हात डावा, कारण उजवा बाहेर मोकळा लागतो. नख वाढलेलं असेल तर आतलं नाजूक अस्तर फाटतं. डॉक्टर प्रिती गमरेच्या डाव्या हातानं आयुष्यात कुणाला ओरखडा काढला नाही.

करी रोडच्या चाळीत ती वाढली. परळला पशुवैद्यक शिकली आणि पुढे जाऊन जनावरांच्या प्रजननाचा विषय घेतला. मुंबईत बसून गाईंच्या वांझपणाचा अभ्यास करायचा म्हणजे डोंगरात बसून होडी बांधण्यासारखं. मित्रमैत्रिणींनी तसं सुनावलंही. पोटापाण्यासाठी तिनं लालबागला कुत्र्यामांजरांचा लहानसा दवाखाना काढला. मसाल्याच्या गल्लीपासून तो हाकेच्या अंतरावर होता. मिरच्या कांडायच्या दिवसांत कुत्री शिंकत आत यायची. मालक सांगायचे, सर्दी झालीय. प्रिती म्हणायची, उद्यापासून मागच्या रस्त्यानं आणा, आणि पैसे घ्यायची नाही.

वडील राजाराम गमरे बेस्टमधून निवृत्त झालेले. मुलगी डॉक्टर झाली हे त्यांनी सगळ्या चाळीला सांगितलं. कसली डॉक्टर, हे ते आपण होऊन सांगत नसत. कुणी विचारलंच तर विषय बदलत. त्याचं मूळ कोकणातल्या गावात होतं. राजारामच्या वडिलांनी आणि वाडीतल्या माणसांनी एके दिवशी ठरवलं, यापुढे गावातली मेलेली ढोरं ओढायची नाहीत. गावानं पाण्याची वाट बंद केली. म्हातारा मुंबईला आला, गिरणीत लागला, पुन्हा गावाकडे फिरकला नाही. ज्या ढोरांच्या कामातून आजोबा रक्त आटवून बाहेर पडले, त्याच ढोरांत नात पैसे भरून, अभ्यास करून परत गेली. राजाराम हे तोंडानं कधी बोलले नाहीत. फक्त तिचा कामाचा झगा ते घरातल्या कपड्यांबरोबर भिजत घालू देत नसत.

शनिवारी ती लालबागचं शटर बंद ठेवून गिरगावाकडे जायची. तिकडे देवळांच्या दाराशी बायका गाय घेऊन बसतात. येणाराजाणारा गवताची पेंडी विकत घेतो, गाईला घालतो, हात जोडून पुढे जातो. गाय बहुतेक वेळा बाईची नसते. तबेल्यावाला सकाळी धार काढून गाय दिवसभरासाठी भाड्यानं देतो. या गाईंकडे बघायला कुणी डॉक्टर येत नाही. प्रिती यायची.

फणसवाडीच्या कोपऱ्यावर शांता बसायची. मूळची जेजुरीकडची, साठी ओलांडलेली, तोंडाची तिखट. भाड्याच्या गाईबरोबर तिनं उभा जन्म काढला होता. तिची एकच हौस होती. वसुबारसेला आपल्या कोपऱ्यावर आपली गाय उभी राहावी, तिच्याजवळ तिचं वासरू असावं. त्या दिवशी वाडीतल्या बायका गाय-वासराची पूजा करतात, गहू आणि दूध वर्ज्य करतात, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खातात. नुसत्या गाईला त्या दिवशी मान नाही. वासरू हवं. दरवर्षी शांता तबेल्यावाल्याच्या पाया पडून वासरासकट गाय आणायची आणि संध्याकाळी परत पोचवायची. पूजेचं पहिलं ताट मीराबाईंचं असायचं. मीराबाई वाडीतल्या सर्वांत जुन्या रहिवासी, त्यांच्या आधी कुणी निरांजन लावत नसे.

मग शांतानं भावाच्या ओळखीनं गावाकडून एक कालवड आणली. तांबूस रंग, कपाळावर पांढरा ठिपका, पाणीदार डोळे. नाव ठेवलं हौसा. वाडीमागच्या बोळात एका जुन्या गोठ्यातला कोपरा मिळवला. त्या वर्षीच्या वसुबारसेला भाड्याच्या गाईची पूजा चालू असताना तिनं सगळ्यांसमोर मीराबाईंना सांगून टाकलं, पुढच्या साली माझी हौसा उभी राहील, वासरू घेऊन.

दिवाळी संपल्यावर तिनं प्रितीला गोठ्यात नेलं. हौसा वयात आली होती, पण माजावर येत नव्हती. संक्रांतीच्या आत गाभण राहिली तरच वसुबारसेला वासरू, हा हिशेब शांताच्या बोटांवर तयार होता.

प्रितीनं आधी हौसाशी गप्पा मारल्या, मग हातमोजा चढवला. डोळे मिटले. गर्भाशय लागलं ते फार बारीक होतं. तिनं भिंतीकडे बघत विचारलं, "मावशी, ही जुळ्यातली आहे का? हिच्याबरोबर गोऱ्हा जन्मला होता?"

"नाय गं. एकलीच हाय."

उत्तर जरा लवकर आलं. प्रितीनं ते मनावर घेतलं नाही. एकटीच जन्मलेली असेल तर बारीक गर्भाशयाची साधी कारणं असतात. वासरूपणी दूध कमी पडलं, खुराक कमी, पोटात जंत. तिनं जंताचं औषध दिलं, खनिजांची पूड दिली, हिरवा चारा वाढवायला सांगितलं. म्हणाली, बहुतेक वाढ मागे पडलीय, थोडे महिने बघू.

त्या थोड्या महिन्यांत शांतानं स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन हौसाला खाऊ घातलं. हौसा भरली, चकाकली. पण माज नाही. संक्रांत गेली, होळी गेली. गोठ्यातली दुसरी गाय माजावर आली की हौसा बैलासारखी तिच्या मागे लागायची, तिच्या अंगावर चढायची. शांता कौतुकानं सांगायची, लई मस्तीखोर हाय. प्रितीनं हे ऐकलं आणि पुढच्या शनिवारी पिशवीत काचेची नळी घालून आली.

नळी बोटाएवढी जाड, टोकाला गोल. धडधाकट कालवडीत ती वीतभर तरी सहज जाते. हौसात ती चार बोटांवर अडली. प्रितीनं ती काढली, पुसली. योनीच्या खालच्या टोकाला केसांचा झुपका होता, सड फारच बारीक होते. तिनं पुन्हा हात घालून पाहिलं. गर्भाशयाच्या जागी शिसपेन्सिलीएवढी दोरी. महिनोन्महिने खाऊनपिऊनही ती तेवढीच होती.

"मावशी, मी पुन्हा विचारते. ही जुळ्यातली आहे ना?"

शांता गोठ्याच्या दारात जाऊन उभी राहिली. बोळात कुणी नाही असं पाहून परत आली.

"जोडीची हाय," ती म्हणाली. "भाऊ होता बरोबर. त्याला खंडोबाला सोडला."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"जोडीचं जनावर भाग्याचं असतं. त्याची वाच्यता करायची नसते, वेतेस्तवर. नजर लागती."

प्रिती पाण्याच्या बादलीपाशी बसली आणि बराच वेळ हात धूत राहिली. जी गोष्ट ऐकल्यावर तिनं पहिल्याच दिवशी नळी काढली असती, तीच शांतानं भाग्य म्हणून पोटात ठेवली होती. आता तिनं समजावून सांगितलं. आईच्या पोटात या दोघांची वार एकमेकांना जुळली, त्याचं रक्त हिच्यात आलं. भाऊ आधी घडायला लागतो. त्याला घडवणारी द्रव्यं त्या रक्तातून हिच्यात शिरली आणि हिचं गर्भाशय घडायचं तिथंच थांबलं. हे औषधानं भरून येत नाही. जन्माच्या आधीच ठरलेलं आहे.

"म्हंजे भावानं खाल्लं हिचं," शांता म्हणाली.

"त्यालाही ते ठाऊक नव्हतं गं."

"आशा सगळ्या जणी वांझ ऱ्हात्यात?"

"दहातल्या नऊ."

"मंग हौसा दहावी आसंल."

प्रिती म्हणाली, हाताला जे लागलं त्यावरून मला तसं वाटत नाही. शांता म्हणाली, वाटत नाय म्हंजे ठावं नाय. यावर प्रितीकडे उत्तर होतं. हौसाचं रक्त तपासलं तर त्यात भावाच्या पेशी दिसतात आणि संशय उरत नाही. पण शांता सुई लावू देईना. वसुबारस होऊ दे, म्हणाली. आणि तोवर वाडीत एक अक्षर बोलायचं नाही. प्रितीनं कबूल केलं. एवढंच म्हणाली की मी आपण होऊन सांगणार नाही, पण कुणी तोंडावर विचारलं तर खोटं बोलता यायचं नाही.

"कोण इचारतंय तुला," शांता म्हणाली.

वसुबारसेला शांतानं प्रितीला मुद्दाम बोलावलं. हौसाला गर्दीची सवय नव्हती, दावं धरायला खात्रीचं माणूस हवं होतं. प्रिती पोचली तेव्हा हौसाच्या गळ्यात झेंडूची माळ होती, शिंगांना गेरू होता, आणि शेजारी एक वासरू बांधलेलं होतं. तबेल्यातून आणलेलं, तिच्याच रंगाचं. शांतानं डोळ्यांनी विनवलं. प्रितीनं दावं हातात घेतलं.

बायका जमल्या. मीराबाईंनी हौसाच्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं, वड्यांचा नैवेद्य पुढे केला. तेवढ्यात वासराला भूक लागली. त्यानं हौसाच्या पोटाखाली डोकं घातलं, धडका दिल्या, हाताला लागतील न लागतील अशा त्या सडांना तोंड लावलं, सोडलं, पुन्हा लावलं. मग मान वर करून हंबरलं. हौसानं त्याचा वास घेतला आणि त्याला पायानं बाजूला ढकललं. हे सगळ्यांनी पाहिलं. मीराबाईंचा हात ताटावरच थांबला.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "हे हिचंच ना गं?"

"नाही, काकू. हिचं नाही. हिला वासरू होणार नाही."

मीराबाईंनी ताट उचललं, ज्योत विझू नये म्हणून पदराचा आडोसा धरला आणि पुढच्या गल्लीतल्या गाईकडे निघाल्या. बाकीच्या त्यांच्या मागे. नव्यानं लग्न झालेल्या दोघी तेवढ्या राहिल्या. त्यांना वासराबरोबर सेल्फी काढायचा होता.

शांतानं हौसाच्या गळ्यातली माळ ओढून काढली.

"तुला काय त्याचं," ती प्रितीला म्हणाली. "तुम्ही लोक मानतच नाय. तुझं काय गेलं?"

तुम्ही लोक म्हणजे कोण, हे दोघींनाही माहीत होतं. प्रितीनं दावं खुंटीला बांधलं.

"मी मानत नाही, मावशी. त्या मानतात. म्हणून त्यांना फसवता येईना."

त्या संध्याकाळी ती गिरगावातून करी रोडपर्यंत चालत आली. घरी राजाराम टीव्हीसमोर बसले होते. तिचा चेहरा पाहून त्यांनी आवाज बंद केला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, काय झालं कामावर. तिनं सगळं सांगितलं, शांताचं शेवटचं वाक्यसुद्धा. राजाराम म्हणाले, "याचीच भीती होती बाय. आपल्या माणसांनी ते सोडलं, तू आपल्या पायानं गेलीस. शेवटी ऐकून घ्यायचं ते घेतलंसच."

"आजोबांना मेलेलं ओढायला लावत होते, पप्पा. मी जितं बघते."

राजारामनी रिमोट बाजूला ठेवला. मग म्हणाले, त्या कालवडीचं सांग, तिला खरंच होणार नाही का. प्रिती पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. नळी, दोरी, दहातल्या नऊ. आणि तिथं अडली. शांताशी ती दहातल्या नऊ म्हणाली होती. मीराबाईंसमोर मात्र "होणार नाही" म्हणाली. रक्त तपासलेलं नव्हतं. जिनं आयुष्यभर प्रत्येक निदानाच्या आधी बहुतेक लावलं, तिनं भर रस्त्यात, शांताच्या सगळ्या गिऱ्हाइकांपुढे तो शब्द गाळला होता. निदान चुकलं असेल असं तिला वाटत नव्हतं. पण जेवढं ठाऊक होतं त्याहून जास्त ती बोलली होती, आणि ते शांताच्या अंगावर पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी राजारामनी तिचा झगा इतर कपड्यांबरोबर बादलीत टाकला.

वाडीत व्हायचं ते झालं. शांताचा कोपरा ओस पडला नाही, पण उतरला. भाड्याची गाय समोर असली तरी काही बायका पेंडी दुसरीकडून घ्यायला लागल्या. हौसाला पोरं नावं ठेवायची, म्हणून शांता तिला बोळाबाहेर काढेना. दोन तोंडं पोसणं तिला झेपत नव्हतं. हौसा ठेवायची की पांजरपोळात धाडायची, याचा निकाल तिला लावायचा होता, आणि तो लागत नव्हता, कारण ती दहावी असली तर? शनिवारी प्रिती यायची, गोठ्याबाहेर उभी राहायची, परत जायची. शांता तिला बस म्हणत नव्हती.

मार्गशीर्षात एका दुपारी शांताचाच फोन आला. कुणीतरी उपासाचं पुण्य म्हणून हौसाला परातभर भिजवलेली डाळ आणि गूळ चारला होता. पोट फुगून नगारा झालं होतं, श्वास लागला होता. प्रिती दवाखान्यात बसलेल्या माणसांची माफी मागून टॅक्सीनं गेली. तोंडातून रबरी नळी घालून वायू काढला, तेल पाजलं, आणि डाव्या कुशीवर हात ठेवून दिवेलागणीपर्यंत तिथंच बसली. हौसानं शेवटी मोठा ढेकर दिला आणि रवंथ सुरू केलं. तेव्हा शांतानं चहा टाकला. प्रितीनं तो गार व्हायला बाजूला ठेवला.

"त्या दिवशी मी नाही म्हणाले," ती म्हणाली. "बहुतेक नाही, असं म्हणायला हवं होतं."

"सगळ्यांम्होरं म्हणालीस."

"हो. म्हणून आता रक्त तपासू दे. जे निघेल ते मी सगळ्यांसमोरच सांगेन. माझं चुकलं असेल तर तेही."

शांतानं चुलीवरची पातेली उगाच हलवली. मग अटी घातल्या. वांझ निघाली तर दुसऱ्या दिवशी पांजरपोळ, मंग मला आशा नको. पण दहावी निघाली तर मीराबाईच्या दारात जाऊन तूच सांगायचं, मी यायची नाय. प्रिती म्हणाली, मी जाईन. शांता म्हणाली, पण तरी मी लांब उभी ऱ्हाईन, ऐकायला. दोघी हसल्या. तो आठवडा दवाखान्यात मांजरांच्या लशींचा होता, म्हणून शनिवार ठरला.

गुरुवारी सकाळी लालबागच्या दवाखान्याचं शटर वर करताना प्रिती तिथंच खाली बसली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. इस्पितळात पोचण्याआधीच ती गेली. तिला चौतिसावं वर्ष चालू होतं.

फणसवाडीत हे कुणी कळवलं नाही. कुणाला सुचलंच नाही. शनिवारी शांतानं हौसाला आंघोळ घातली. शीर चटकन सापडावी म्हणून मान कोरडी पुसून ठेवली, तोंडाला मोरखी घालून खुंटीला आखूड बांधलं, आणि दुपारपर्यंत तशीच बांधून ठेवली. मग फोन लावला. तो राजारामनी उचलला.

प्रितीची पिशवी त्यांच्याजवळ होती. वरच्या कप्प्यात रक्त घ्यायच्या दोन नळ्या होत्या, हिरव्या बुचाच्या, कोऱ्या. त्यांच्यावरच्या पट्ट्या तिनं आधीच लिहून ठेवल्या होत्या. हौसा, कालवड, फणसवाडी. तारीख घालायची राहिली होती.